पिशवीसकट सवाष्ण

माझ्या पोटावर डाव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली आहे. ती कसली हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचवणार नाही त्यांना इथंच थांबता येईल. माणूस जे शौचालयात जाऊन करतो, ते माझं त्या पिशवीत होतं. गुदाशयाचा कॅन्सर झाला, डॉक्टरांनी तो भाग काढला, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवलं. त्याला ते स्टोमा म्हणतात. मी बरेच दिवस त्याला काहीच म्हणत नव्हते. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याला नाव तरी कशाला ठेवायचं?

आमच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर मला लिहा म्हणाल्या. "काकू, ऑपरेशनच्या आधी बायका मला विचारतात, पुढे कसं होणार? मी सांगते, पण त्यांना पटत नाही. कारण मला पिशवी नाही." म्हणून लिहायला बसले आहे. मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. तेव्हा मधेच उपदेशाचा सूर लागला तर तेवढं सोडून द्या. आमच्या ह्यांनी आयुष्यभर तेच केलं आणि ते ठणठणीत आहेत.

*

रक्त पडायला लागलं तेव्हा मी मूळव्याध आहे असं ठरवून टाकलं. ठरवून टाकायचा माझा स्वभावच आहे. इसबगोल आणलं, तिखट बंद केलं, सुरण खाल्ला. कसबा पेठेत प्रत्येक बोळात मूळव्याधीचा एक जाणकार राहतो. त्या सगळ्यांचं ऐकून झालं. वजन उतरलं तेव्हा बायका म्हणाल्या, छान दिसतेस, आणि मला ते आवडलंही.

मग एक दिवस जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या. निदानाच्या दिवशी समोर बसलेला डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचा होता. त्याने कागदावर आतड्याचं चित्र काढलं, एका जागी फुली मारली आणि शांतपणे सगळं सांगितलं. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन, मग पिशवी.

"पिशवी किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"कायमची."

मरणाचा विचार माझ्या मनात आला नाही, हे खरं सांगते. आला तो वेगळाच. "मग देवाचं कसं करायचं?" मी विचारलं.

"म्हणजे?" डॉक्टर गोंधळला. "अहो, सगळं नॉर्मल करता येतं. प्रवास करता येतो. पोहताही येतं."

"मी पोहत नाही," मी म्हणाले.

माझा प्रश्न त्याला कळला नाही यात त्याची चूक नव्हती. आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. सासूबाईंनी मुखवटे माझ्या हातात दिले तेव्हापासून त्यांचा स्वयंपाक मी एकटीने सोवळ्यात करत आले. डोक्यावरून अंघोळ, रेशमी साडी, आणि मग नैवेद्य होईपर्यंत मला कुणी शिवायचं नाही, मी कुणाला शिवायचं नाही. पुरण शिजत असताना शौचाला जावं लागलं तर पुन्हा डोक्यावरून अंघोळ आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. हा जाच आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट वर्षातला तो एकच दिवस माझा होता. त्या दिवशी घरात कुणाची मला हाक मारायची हिंमत नव्हती. सोवळं म्हणजे माझी खोली होती, दाराला आतून कडी असलेली.

आणि पिशवीला कडी नसते. ती केव्हा भरेल ते तिचं तिला माहीत. आपल्याला कळत नाही, थांबवता येत नाही. मी गणिताची बाई. एकदा नियम मान्य केला की उत्तर सोपं होतं: आता माझं जाणं चोवीस तास सुरू राहणार, म्हणजे मी सोवळ्यात कधीच असणार नाही.

*

रेडिएशनचे दिवस रांगेत गेले. सकाळी पाणी पिऊन जायचं, गाऊन घालायचा, बाकावर बसायचं. रांगेतली माणसं पहिल्या दिवशी एकमेकांकडे बघत नाहीत, दुसऱ्या आठवड्यात एकमेकांची जागा धरतात. मार्केट यार्डातला एक हमाल रोज माझ्या पुढे असायचा. घसा जळाल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्याचा नंबर लागला की तो माझ्याकडे बघून मान हलवायचा, की आता तुमचा. एवढंच. पण ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशी मला मशीनखाली झोपवेना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर शाईचं पेन घेऊन आल्या. स्टोमा कुठे करायचा याची पोटावर खूण करायची असते. "काकू, साडी नेसून दाखवता का? नाडी कुठे येते ते बघू," त्या म्हणाल्या. मी हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये होते, घाबरलेली होते आणि घाबरले की मी तुसडी होते. "कुठेही करा, पण एकदाचं करा," मी म्हणाले. त्यांनी खूण केली. ती नेमकी परकराच्या नाडीखाली आली. आजही दिवसभर ती जागा टोचते.

शुद्धीवर आल्यावर मी कितीतरी वेळ पोटाकडे पाहिलं नाही. पिशवी बदलायला पहिल्यांदा हे शिकले. आयुष्यात भेंडी चिरली नाही त्या माणसाने चष्मा नाकावर सरकवून छोट्या कात्रीने पिशवीची पोटाला चिकटणारी चकती स्टोमाच्या मापाने गोल कापली. "बघ, गोल बरा आला," ते म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. का ओरडले ते आठवत नाही, काहीतरी वासाचं असेल. त्यांनी कात्री पुसून डबीत ठेवली आणि म्हणाले, "उद्या आणखी बरा येईल." ह्या माणसाचे पाय धरावेत असं मला तेव्हा वाटलं. धरले मात्र नाहीत. वाकता येत नव्हतं.

मुलगी बंगळूरहून फोनवर म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ बॅग."

"तुझ्या लॅपटॉपची असते तशी का?" मी विचारलं. ती रडायला लागली, मग मला तिची समजूत घालावी लागली.

*

घरी आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. नातेवाइकांना हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं. आणि गौरींचे मुखवटे कोथरूडला धाकट्या जावेकडे, नीलिमाकडे पाठवून दिले. "वहिनी, तुम्ही अगदी निश्चिंत राहा," ती म्हणाली. तिचा आनंद फोनमधूनही दिसत होता.

पूजा हे करू लागले. आरती सुरू झाली की मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. पण उभंही राहवायचं नाही. त्या दिवसांत मला एका जागी बसवतच नव्हतं. दुपारी पेठेतल्या बोळांतून नुसती फिरायचे. तांबट आळीतली ठोकठोक ऐकायची, फडके हौदापर्यंत जायचं, परत फिरायचं. माझं सगळं जग चालत जाण्याच्या अंतरात होतं. लक्ष्मी रोड ओलांडला की परगावी आल्यासारखं वाटायचं. आता त्याच जगात माझ्यासाठी बसायला जागा नव्हती. देवळाच्या दारावरून जाताना मी चप्पल काढायचे, बाहेरूनच हात जोडायचे आणि रागाने निघून जायचे. राग कुणाचा? देवाचाच. दुसरा कोण होता? इतकी वर्षं मी त्याचं सगळं चोख केलं आणि त्याने मला नेमकं तिथंच गाठलं. गुडघ्याचं काही काढलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

*

तपासणीला गेले तेव्हा सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "एक पेशंट आहे. तुमच्यासारखंच. रेडिएशन झालं, पण ऑपरेशनला नाही म्हणते. सर म्हणाले, उशीर झाला तर हातात काही राहणार नाही. तुम्ही बोलता का जरा?"

"मी कोण बोलणारी?"

"तुम्हाला पिशवी आहे."

"ती काही पदवी नाही," मी म्हणाले आणि लिफ्टकडे चालू लागले.

पण ती पोरगी लिफ्टपाशीच उभी होती. असेल पस्तिशीची. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात डबा. माझ्या पोटाकडे तिने न लाजता पाहिलं. "काकू, तुम्हीच ना त्या? बिलकुल दिसत नाही."

"दिसावी म्हणून लावत नाहीत."

तिला हसू आलं. वर्षा नाव सांगितलं. यवतमाळकडची, खराडीला एका आयटी कंपनीत. आम्ही बाकावर बसलो आणि तिने सरळ मुद्द्याला हात घातला. "मला मरायची भीती वाटून नाही राहिली, काकू. म्हणजे वाटते, पण ते वेगळं. आमच्या घरी महालक्ष्म्या आहेत. गावचं घर बंद केलं तेव्हापासून खराडीलाच मांडतो. सासूबाईंचं सोवळं एकदम कडक. त्यांच्यानंतर मलाच करायचं आहे, लग्न झालं तेव्हापासून त्यांच्या हाताखाली शिकते आहे. ही पिशवी लागली तर त्या स्वयंपाकघरात मला कोण येऊ देईल? देवी तरी घेईल का माझ्या हातचं?"

गावाकडे ज्यांना महालक्ष्म्या म्हणतात त्याच आमच्या गौरी.

"सिस्टर म्हणाल्या तुमच्याकडेही असतात," ती म्हणाली. "तुम्ही करता ना अजून?"

खोटं बोलता आलं असतं. हर्निया म्हणण्याची सवय झालीच होती. पण त्या पोरीने माझ्याकडे असं पाहिलं की जीभ वळली नाही. "नाही," मी म्हणाले. "जावेकडे दिल्या."

तिने मान हलवली. तिचं समाधान झाल्यासारखं दिसलं आणि तेच मला सहन झालं नाही. "म्हणजे माझं बरोबरच आहे," असं म्हणून ती डबा घेऊन उठली.

घरी येताना मी सगळं पुन्हा तपासून पाहिलं. मी तिला एक शब्दही नको तो बोलले नव्हते. नुसतं खरं सांगितलं होतं. आणि त्या खऱ्याने एका चांगल्या हसऱ्या मुलीला मरायची परवानगी देऊन टाकली होती. मी ह्यांना सांगितलं. ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "मग फोन कर आणि सांग तिला, ऑपरेशन कर म्हणून."

"ती विचारेल, तुम्ही गौरी का दिल्या?"

"का दिल्यास?"

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ह्यांची ही सवय वाईट आहे. वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि एकदम नेमकं विचारतात.

*

गौरी बसायच्या आदल्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दारात वर्षा, सिस्टरकडून पत्ता घेऊन आलेली. हातात तबक, तबकात कुंकू आणि अक्षता. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मी काही म्हणायच्या आत माझ्या हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, "महालक्ष्म्यांचं बोलावणं आहे. परवा जेवायला. सवाष्ण म्हणून."

"वेड लागलंय का तुला?"

"तुम्ही तिच्यापुढे पानावर बसा, काकू. तिने तुम्हाला बसवून घेतलं तर मी ऑपरेशन करते. तुम्ही आलाच नाही, तर मला कळलं."

"ही काय परीक्षा आहे का?"

"तुमच्याकडे हे बोलावणं नाकारतात का?"

नाकारत नाहीत. ज्या बाईच्या हातावर गौरीच्या अक्षता पडल्या ती गौरच. तिचं पान मांडलं जातं, ती आली नाही तर ते पान तसंच राहतं. बाईच्या अंगात ताप असला तरी तिने यावं, दोन घास खावे आणि जावं. हे मीच पेठेतल्या बायकांना जन्मभर ऐकवत आले होते. कामाची सबब सांगणाऱ्या बायकांचा मी जिन्यात उभं राहून उद्धार केलेला आहे.

"तुझ्या सासूबाईंना माझं माहीत आहे?" मी विचारलं.

तिची मान खाली गेली. "नाही. त्यांना माझंही पूर्ण माहीत नाही. ऑपरेशन आहे एवढंच माहीत आहे, पिशवीचं नाही. सांगायची डेरिंगच नाही होत."

"मग मी येणार नाही. देवीपुढे चोरून बसायची मला सवय नाही."

"मग तुम्हीच सांगा त्यांना," वर्षा म्हणाली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

मी अक्षता मुठीत धरून तशीच उभी. आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "काय करणार आहेस?"

"त्या दिवशी नीलिमाकडे जायचंय."

"नीलिमाकडे तुला हर्निया आहे," ते म्हणाले. "तिकडे तुला जे आहे ते असेल. कुठे जाणं सोपं ते तूच ठरव."

दिवसभर मी घरभर फिरले. इतकी वर्षं देवीला बोलवायची मी. माझ्या तारखेला, माझ्या दारातून, मी काढलेल्या पावलांवरून ती यायची. मी मांडलेल्या जागी बसायची आणि मी निरोप दिला की जायची. तिने मला बोलवावं अशी काही सोयच माझ्या व्यवस्थेत नव्हती. आणि बोलावलं ते कुठे, तर खराडीला. मी कधी पाऊल ठेवलं नाही अशा ठिकाणी, परक्या घरात, आणि अट काय, तर जे सख्ख्या जावेला सांगितलं नाही ते दारात उभं राहून सांगायचं. मी देवघरासमोर जाऊन बसले. हॉस्पिटलमधून आल्यापासून पहिल्यांदाच. प्रार्थना वगैरे केली नाही. "दुसरी कुणी मिळाली नाही का?" एवढंच विचारलं. अक्षता माझ्याकडेच होत्या, आणि त्या ठेवायच्या कुठे ते मला सुचत नव्हतं.

*

इथं मी एक मूर्खपणा केला, तो मुद्दाम सांगते. जेवणाच्या आदल्या दिवशी मी कडकडीत उपास केला. नुसतं पाणी. पोट रिकामं असलं की पिशवी रिकामी राहील, आणि रिकामी पिशवी म्हणजे जवळजवळ सोवळंच, असा माझा हिशेब. सिस्टरनी बजावलं होतं की थोडं थोडं खात राहा, पोट रिकामं ठेवू नका. पण उपासाने शुद्धी होते हे आमच्या पेठेत सिस्टरांच्या आधीपासून माहीत आहे.

सकाळी डोक्यावरून अंघोळ केली. नवी पिशवी लावली. ह्यांनी चकती कापली. मग मी ती जुनी जांभळी रेशमी साडी काढली. नाडी बांधताना टोचली, तरी घट्टच बांधली. मेट्रोने सिव्हिल कोर्टाला उतरून गाडी बदलली, रामवाडीपर्यंत गेलो, तिथून रिक्षा. वाटेत मी ह्यांना दोनदा म्हणाले, परत जाऊ. त्यांनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर पाहिलं.

अकराव्या मजल्यावरचं घर. चपला काढतानाच पुरणाचा आणि आंबिलीचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो वास मी स्वतःला बंद केला होता. आत टीव्हीच्या जागी जरीच्या साड्या नेसलेल्या ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या, वर पडद्याच्या दांडीला बांधलेला फुलोरा. बायका सतरंजीवर बसलेल्या. वर्षाच्या सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. उंच, काटक, नऊवारी रेशमी साडी, कपाळावर मोठं कुंकू. माझे पाय धुवायला त्या वाकल्या.

"थांबा," मी म्हणाले. "पाणी घालायच्या आधी ऐका."

मग सांगितलं. शाळेत प्रमेय सांगावं तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते जमलंच नसतं. "माझं ऑपरेशन झालंय. शौचाची वाट पोटावर आहे, तिला पिशवी लावलेली आहे. आत्ता, इथं उभी आहे तेव्हाही आहे. तुमच्या सुनेला माहीत आहे, तुम्हाला नव्हतं. नको म्हणालात तर मी दारातूनच नमस्कार करून जाते. मला राग येणार नाही."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. मला फार राग आला असता आणि तो मी घरापर्यंत वाहून नेला असता.

त्या हळूहळू सरळ झाल्या. तांब्या हातात तसाच. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग मागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वर्षाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वळून मलाच विचारलं, "वर्षाले बी असंच लागन काय?"

"हो."

"नाई केलं त?"

वर्षासमोर ते कसं बोलायचं? पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "नाही केलं तर ती राहणार नाही," मी म्हणाले.

म्हातारी तांब्या घेऊन एक पाऊल जवळ आली. "दुखते काय?" तिने विचारलं.

इतक्या दिवसांत लोकांनी मला काय काय विचारलं होतं, पण हे एवढं साधं कुणी विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "त्याला हात लावलेलाही कळत नाही. नाडी तेवढी टोचते."

तिने महालक्ष्म्यांकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अक्षता काही माह्या नावानं नाई गेल्या. तिच्या नावानं गेल्या. तिनं बोलावलेल्या बाईले दारातून मी वापस धाडू? कोपन ना माह्यावर." आणि माझ्या पायांवर पाणी घातलं.

हे तिने मायेने केलं असं मी म्हणणार नाही. ती घाबरली होती, देवीला आणि त्याहून जास्त सुनेसाठी. मीही घाबरलेलीच होते. पण पाय धुवून झाले, तिने पदराने ते पुसले आणि मला आत नेऊन अगदी देवीसमोरच्या पाटावर बसवलं.

*

आरती झाली. नैवेद्याचं ताट वाढलं. सवाष्णींची पानं मांडलेली, पण नैवेद्य होईपर्यंत रिकामी. सासूबाई डोळे मिटून, पाणी फिरवून, देवीला जेवू घालत होत्या. सगळे गप्प. पंखासुद्धा बंद, निरांजनं विझू नयेत म्हणून.

आणि माझी पिशवी बोलली.

थोडंथोडकं नाही. रिकाम्या पोटात दिवसभर कोंडलेला वारा सावकाश, लांबवर, वळणं घेत बाहेर आला. पिशवीला वास कोंडता येतो, आवाज कोंडता येत नाही. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग पटकन फुलोऱ्याकडे पाहिलं. एका मुलीने ओठ दाबून धरले. माझ्या कानांतून वाफा येत होत्या. उठून पळावं तर पाटावरून एकदम उठता येत नाही. मी समोर पाहिलं, तर मुखवटे माझ्याकडेच बघत होते. वर्षा पुरणपोळ्यांची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पुतळ्यासारखी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं की निकाल लागला.

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. नैवेद्याचं पाणी सोडलं, हात जोडले, आणि न वळता म्हणाल्या, "वाढ वो वर्षा. देवीले भूक लागली."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग वर्षा हसायला लागली. हसता हसता तिने परात खाली ठेवली, भिंतीला टेकली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली. बायका आधी हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या. मी हसले नाही. मला इतका हुंदका आला होता की तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं कुणास ठाऊक. पानात पोळी पडल्यावर मी खाली मान घालून जेवायला लागले. आंबील दोनदा मागून घेतली. इतक्या महिन्यांत मी पोटभर जेवले नव्हते. सासूबाई तूप वाढायला आल्या आणि वाढतच राहिल्या. मी नको म्हणाले नाही.

*

ओटी भरून झाली. हे खाली रिक्षा बघायला गेले. वर्षा मला सोडायला लिफ्टपर्यंत आली. अजून मागची पंगत व्हायची होती, तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं. लिफ्ट खालून येत होती आणि ती दाराकडे बघत उभी होती.

"काकू," ती म्हणाली, "सिस्टर शाईने खूण करतात म्हणे आधी. मी ती नाडीच्या वर करून घेऊ का खाली?"

मी तिचा हात धरायला माझा हात पुढे केला, तर ती सवयीने मागे सरकली.

"काकू, मी सोवळ्यात आहे."

"मीही," मी म्हणाले, आणि तिचा हात ओढून माझ्या नाडीखाली, पिशवीवर ठेवला. "माझी इथं आली, ती टोचते. तुझी दोन बोटं वर घ्यायला सांग."